सोशिक

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. त्याचं कलम ११ बहुतेकांनी बैलांच्या शर्यती किंवा भटकी कुत्री यांच्या बातम्यांत ऐकलेलं असतं. त्याच कलमाच्या एका पोटकलमात असं म्हटलंय, की हालचालीला वाजवी वाव मिळणार नाही इतक्या कमी उंचीच्या, लांबीच्या किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राण्याला कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. पिंजरा किंवा पात्र. आणि प्राणी म्हणजे काय? कलम २ मधली व्याख्या एका ओळीची आहे: माणूस सोडून कोणताही सजीव जीव. त्यात मासा आपोआप आला.

पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये.

भंडाऱ्यात आमच्या घरी हॉलमधल्या शोकेसवर साधारण पाच लिटरचा एक काचेचा गोल बाऊल आहे. त्यात दोन नारिंगी गोल्डफिश आहेत. पुतणीच्या सातव्या वाढदिवसाला कुणीतरी बाऊल, रंगीत खडे, प्लास्टिकचं झाड आणि खाण्याची डबी असा सेट भेट दिला. माशांची जोडी दुकानात किती रुपयांना मिळते हे नंतर विचारलं, तर ती साधारण त्या दंडाच्या कमाल रकमेइतकीच निघाली. म्हणजे कायद्याच्या नजरेत मासा कोंडण्याची किंमत आणि बाजारात मासा विकत घेण्याची किंमत एकच. याचा अर्थ काय लावायचा ते कळत नाही, पण आकडा डोक्यातून जात नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कंपनी पुण्यात आणि मी बहुतेक महिने भंडाऱ्यात, घरूनच काम. टेबल हॉलमध्येच असल्यामुळे मीटिंगमध्ये कॅमेरा बंद केला की समोर हे दोघं दिसतात. दिवसातले आठ-नऊ तास एखाद्या जिवाकडे बघत बसलं की प्रश्न पडायला लागतात. त्यातला पहिला प्रश्न तांत्रिक होता, नैतिक नव्हता. तो पुतणीनं विचारला: "काका, हे मोठे कावून नाही होत?"

गूगल न करता मिळणारं उत्तर असं, की मासा टाकीच्या मापानं वाढतो. लहान टाकी, लहान मासा. दुकानदारही हेच सांगतात. पाहुणेही हेच सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर निसर्गाच्या हुशारीचं कौतुक असतं. जणू माशानं खोली बघितली, अंदाज घेतला आणि आपला आकार ठरवला.

खरं उत्तर वेगळं आहे. गोल्डफिश ही कार्पच्या कुळातली, म्हणजे आपल्या कटला-रोहूची लांबची नातेवाईक. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी तळ्यांतल्या करड्या माशांमधून रंगीत मासे निवडून निवडून ही जात तयार झाली. साध्या जातीची गोल्डफिश मोकळ्या पाण्यात फूटभर लांब होते आणि नीट ठेवली तर दहा-पंधरा वर्षं सहज जगते. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेली टिश नावाची गोल्डफिश १९९९ साली मेली, ४३ वर्षांची होऊन. आपल्याकडे बाऊलमधली गोल्डफिश वर्षभर टिकली तरी लोक कौतुक करतात.

बाऊलमध्ये ती वाढत नाही, कारण ती स्वतःच्याच घाणीत राहते. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो. मोठ्या, मुरलेल्या टाकीत एक प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा त्यामानानं सौम्य, आणि तो पाणी बदलून काढता येतो. पाच लिटरच्या बाऊलमध्ये फिल्टर नसतो, जिवाणूंना चिकटून राहायला पुरेशी जागा नसते, आणि विष पातळ करायला पाणीही नसतं. आम्ही गोलगोल म्हणतो की टाकी लहान आहे. खरं तर लांबी-रुंदी हा अर्धाच भाग आहे. पाण्यानं किती घाण पचवायची, ही त्या टाकीची खरी क्षमता.

भंडाऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला येतं आणि गोसीखुर्दच्या धरणानं पाणी अडलं की फुगवटा आमच्या गावापर्यंत पोचतो. नदी वाहती होती तेव्हा ती बरंच काही पचवायची. अडलेल्या पाण्यावर जलपर्णी माजते आणि नळाच्या पाण्याला वास येतो. मोठ्या शहराचा बाऊल कुणीतरी आमच्या दारात आणून ठेवलाय, असं मला कधीकधी वाटतं. पण ते असो.

त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आसपास. शिवाय पाणी तापलं की त्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो आणि माशाचा श्वासही वाढतो. म्हणजे लागतं जास्त, मिळतं कमी. गोल बाऊल गळ्यापर्यंत भरला की हवेला लागणारा पृष्ठभाग आणखी आकसतो. दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला, की हे दोघं वर येऊन तोंडानं पाण्याची साय चाटल्यासारखं करतात. पाहुणे म्हणतात, "पहा, भूक लागली त्यांना." आणि चिमूटभर दाणे टाकतात. न खाल्लेले दाणे कुजतात, त्यांचाही अमोनिया होतो.

एवढं होऊनही मासे जिवंत आहेत. मला खरा प्रश्न इथे लागला.

गोल्डफिश फार चिवट आहे. थंड प्रदेशात तळं गोठतं तेव्हा बर्फाखाली प्राणवायू संपत जातो. अशा वेळी बहुतेक मासे मरतात. गोल्डफिश आणि तिची युरोपातली बहीण क्रूशियन कार्प मात्र शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून ते कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात आणि तग धरतात. ही यंत्रणा नेमकी कशी चालते यावर ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा हिवाळाभर झिंगलेले मासे म्हणून बातम्याही आल्या होत्या. गंमत सोडा. मुद्दा असा की बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवायची पद्धत पडली याचं एक मोठं कारण हा चिवटपणा आहे. नाजूक मासा बाऊलमध्ये दोन दिवसांत मेला असता आणि लोकांनी बाऊल बंद केले असते. गोल्डफिश मरत नाही, निदान लगेच मरत नाही, म्हणून बाऊल चालू राहिले.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: सोशिक. आपल्याकडे हा शब्द कौतुकाचा आहे. सोशिक बैल, सोशिक सून, सोशिक पोर. लग्नाच्या बोलण्यात मुलीबद्दल हा शब्द मी स्वतः ऐकलाय, आणि बोलणाऱ्या काकूंचा आवाज अगदी प्रेमळ होता. ऑफिसातही असतो एक सोशिक. शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर पडला की त्यालाच फोन जातो, कारण तो चिडत नाही. जो चिडतो त्याला फोन जात नाही. कामाची वाटणी पगारावर किंवा कुवतीवर न होता सहनशक्तीवर होते, हे आमच्या क्षेत्रातलं उघड गुपित आहे.

या शब्दामागे एक हिशोब लपलेला असतो. समोरच्याला काय लागतं, हे आपण विचारत नाही. तो किती कमीमध्ये भागवू शकतो, हे बघतो आणि तेवढंच देतो. जो कमीत भागवतो त्याला कमी मिळतं. मग त्याचं भागतंय, हाच पुरावा म्हणून दाखवला जातो. गोल्डफिशच्या बाबतीत हा पुरावा शरीरावरच लिहिलेला आहे. जिथे राहायला लागलं तिथे तिची वाढ खुंटली, आणि खुंटलेली गोल्डफिश बाऊलमध्ये मावते म्हणून बाऊल पुरेसा आहे असं आपण म्हणतो. अन्यायानंच अन्यायाचा पुरावा पुसून टाकला.

अमर्त्य सेन यांनी माणसांबद्दल असाच मुद्दा मांडलाय. पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाही परिस्थितीच्या मापानं कापून घेतो. त्याला विचारलं, समाधानी आहेस का, तर तो हो म्हणेल. म्हणून केवळ समाधान मोजून कुणाचं बरं चाललंय हे ठरवता येत नाही, त्याला प्रत्यक्षात काय करता येतं, काय होता येतं, हे पाहावं लागतं. माशाला अपेक्षा असतात की नाही ते मला ठाऊक नाही. पण मोजमापाबद्दलचा हा इशारा माशालाही लागू पडतो.

आमच्या कामात याला समांतर गोष्ट रोज दिसते. एखादं फीचर प्रॉडक्शनमध्ये गेलं आणि महिनाभर एकही तक्रार आली नाही, तर नवा मुलगा म्हणतो, बग नाहीत. जुना माणूस विचारतो, तक्रार करायची सोय कुठे दिली होती? बऱ्याचदा कळतं, की ॲप ज्यांच्या फोनवर उघडतच नव्हतं त्यांना तक्रारीचं बटणही दिसत नव्हतं. माशाकडे बटण नाही. पापण्या नाहीत, आवाज नाही, चेहऱ्यावर आपल्याला वाचता येईल असा भाव नाही. कुत्र्याला दोन फुटी पिंजऱ्यात ठेवलं तर तो भुंकून सोसायटी डोक्यावर घेईल. आपली दया पुष्कळदा आवाजाच्या मागे जाते.

आता साहजिक आक्षेप. माशाला यातलं काही जाणवतं हे तुला कसं कळलं?

हा वाद फार जुना आहे. चीनमधल्या च्वांगत्सूची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तो मित्रासोबत नदीवरच्या पुलावर उभा असतो आणि म्हणतो, बघ, मासे कसे मनमुराद फिरतायत, हाच माशांचा आनंद. मित्र म्हणतो, तू मासा नाहीस, तुला त्यांचा आनंद कसा कळला? च्वांगत्सू म्हणतो, तू मी नाहीस, मग मला कळत नाही हे तुला कसं कळलं? आपल्याकडेही म्हणतातच की मासा पाण्यात झोपतो कसा हे कळायला त्याच्या वंशात जन्मावं लागतं. म्हण सहसा वाद संपवायला वापरतात: तुला नाही कळायचं, सोड. पण तिचा दुसराही अर्थ निघतो. आपल्याला कळत नाही, तर त्याचं बरं चाललंय हेही ठामपणे म्हणता येत नाही.

शास्त्रज्ञांमध्येही एकमत नाही. लिन स्नेडन यांनी २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे अंग हलवत राहिले, ओठ खड्यांवर घासू लागले, बराच वेळ खायला आले नाहीत. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. उलट ब्रायन की यांच्यासारखे मज्जाशास्त्रज्ञ म्हणतात, की वेदनेची जाणीव व्हायला मेंदूचा जो थर लागतो तो माशाकडे नाहीच. गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते हा मात्र निव्वळ विनोद आहे, शिकवलेल्या गोष्टी त्या कित्येक आठवडे लक्षात ठेवतात. २०२२ मध्ये तर इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात गोल्डफिशना चाकांवरची टाकी चालवत ठरलेल्या जागी न्यायला शिकवलं. त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल.

मी या वादात निकाल देणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. पण अनिश्चित असताना निर्णय कसा घ्यायचा हे इंजिनियरिंगमध्ये रोज करावं लागतं. दोन्हीकडची किंमत बघायची. माशाला काही जाणवत नसेल आणि मी मोठी टाकी आणली, तर माझे काही हजार रुपये आणि हॉलचा एक कोपरा गेला. माशाला जाणवत असेल आणि मी आणली नाही, तर त्याचं सगळं आयुष्य गेलं. पैज कुणीकडे लावायची हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

इटलीतल्या मोन्झा शहरानं २००४ मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवायला बंदी घातली. कारण दिलं होतं, की वाकड्या काचेतून माशाला वास्तव विकृत दिसतं. पुढच्या वर्षी रोमनंही तशीच बंदी आणली. हॉकिंग आणि म्लोडिनोव्ह यांनी आपल्या 'द ग्रँड डिझाइन' या पुस्तकात मोन्झाचं उदाहरण घेऊन विचारलंय, की आपणही अशाच एखाद्या बाऊलमध्ये नसू कशावरून? प्रश्न सुंदर आहे. पण तो वाचताना मला जरा राग आला. माशाच्या बाऊलवरून माणूस लगेच स्वतःच्या बाऊलवर येतो, आणि मासा तिथेच राहतो. पुण्यातल्या वन आरकेवर मीही असले विनोद केलेत. मात्र वन आरकेचं दार आतून उघडतं.

आमच्या घरी बाऊलचं पाणी वहिनी बदलवते. दर दोन दिवसांनी, सकाळच्या स्वयंपाकानंतर. आदल्या रात्री बादलीत पाणी काढून ठेवते म्हणजे त्यातलं क्लोरीन उडतं. हे तिला कुणी शिकवलं नाही, एकदा नळाचं ताजं पाणी टाकल्यावर मासे कसेतरीच करायला लागले म्हणून तिनंच शोधून काढलं. सगळं पाणी एकदम फेकत नाही, निम्मं ठेवते. मे महिन्यात ओला टॉवेल बाऊलभोवती गुंडाळते. हे मासे दीड वर्ष जगले ते तिच्या हातामुळे. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, वहिनींना किती हौस आहे माशांची. तिला हौस नाही. तिला ते मरायला नकोत एवढंच.

याचं नैतिक मोल काय, यावर मी बरेच दिवस विचार करतोय. एका बाजूनं पाहिलं तर ही घरातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूनं, तिच्या काळजीमुळेच बाऊल टिकून आहे. तिनं हात आखडता घेतला असता तर मासे महिन्याभरात मेले असते, बाऊल माळ्यावर गेला असता आणि पुढच्या वाढदिवसाला कुणी मासे आणले नसते. काळजी व्यवस्थेला वाचवते असा हा युक्तिवाद. ट्विटरवर कुणीतरी तो फार चतुराईनं मांडेल.

मला तो पटत नाही, कारण त्यात वहिनी आणि आम्ही एकाच रांगेत उभे होतो. बाऊल तिनं आणला नाही. शोकेसवरून काय हलवायचं आणि हॉलमध्ये काय ठेवायचं हे आमच्या घरात ती एकटी ठरवत नाही. हजारांचा खर्च तिच्या हातात नाही. तिच्या हातात पाणी होतं, तर तिनं पाणी बदललं. टाकी बदलणं ज्यांच्या हातात आहे ते म्हणजे मोठा दादा आणि मी, कमावणारे. आम्ही पाणी बदलणारीचं कौतुक करतो तेव्हा प्रश्न टाकीवरून पाण्यावर सरकतो, आणि आमची सुटका होते. सोशिक शब्द इथे दोन्हीकडे बसतो, माशालाही आणि तिलाही. काळजी घेणाऱ्याला जाब विचारण्याआधी, ती किती लहान जागेत घेतली जातेय आणि जागा कुणाच्या मालकीची आहे, हे पाहायला हवं.

हे सगळं एकदा बोलता बोलता ओळखीच्या एका ढिवर काकांना सांगितलं. त्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षं मासे घेतो. भंडारा-गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यांतली मासेमारी ढिवरांच्या सोसायट्या करतात. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबू, आमी मासा मारतो. मारला का संपलं. तुमी त त्याले कोंडता, अन् वरून दाने टाकता."

मी रविवारी मरळीचा रस्सा खाणारा माणूस आहे, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आधी वाटलं की हा माझ्या युक्तिवादाला दिलेला टोला आहे: खातोस तर खरा, मग दोन माशांचा एवढा पुळका कशाला. नंतर वाटलं, ते उलट बोलत होते. तलावातली मरळ तिच्यापुरतं मरळीचं आयुष्य जगते. चिखलात दबा धरते, पिलं सांभाळते, आणि एका दिवशी जाळ्यात येते. वाईट दिवस एक. बाऊलमधल्या माशाला मारायची कुणाची इच्छा नाही, उलट सगळ्यांना तो आवडतो, आणि वाईट दिवस मोजायला गेलं तर दीड वर्षाचे.

मात्र इतक्यावर मला सोडून देऊ नका. मरळ बाजारात जिवंत विकतात हे तुम्ही पाहिलं असेल, घमेल्यात, चार बोटं पाण्यात, एकीवर एक. ती हवेतून श्वास घेऊ शकते म्हणून हे शक्य होतं. कटला असता तर बर्फावर मेलेलाच आला असता. मरळ सोशिक आहे, म्हणून शेवटचे कित्येक तास घमेल्यात. आणि गिऱ्हाईक म्हणून मला जिवंतच हवी असते, ताजी म्हणून. गोल्डफिशसाठी मी जे बोलतोय ते इथेही लागू होतं हे मला दिसतं. मासे खाणं सोडलेलं नाही. बर्फावरची घ्यायला लागलोय. घरी चवीवरून कुरकुर आहे.

मग करायचं काय? सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय: सोडून द्या तलावात. खांब तलाव घरापासून लांब नाही. पुतणीलाही हा शेवट आवडतो, सिनेमासारखा. पण तो सगळ्यात वाईट उपाय आहे. गोल्डफिश तळ उकरते, पाणी गढूळ करते, बाहेरचे रोग सोबत नेते, आणि जगली तर वाढत राहते. अमेरिकेत मिनेसोटामधल्या बर्न्सव्हिल गावानं २०२१ मध्ये तळ्यातून काढलेल्या फूटभर गोल्डफिशचे फोटो टाकून लोकांना विनवलं होतं, की घरचे मासे तळ्यात सोडू नका. आमच्या तलावांतले स्थानिक मासे आधीच बेशरमच्या झुडपांनी आणि गाळानं टेकीला आलेत. आपल्या मनाचा भार उतरवायला तो ढिवरांच्या पाण्यात नेऊन टाकायचा, याला सुटका म्हणता येणार नाही.

दुसरा उपाय दुकानात परत देणं. दुकानदार घेतो, हसत घेतो. आठवड्याभरात ती जोडी दुसऱ्या बाऊलमध्ये जाते.

तिसरा उपाय काहीच न करता वाट बघणं. हा कुणी उपाय म्हणून बोलून दाखवत नाही, पण बहुतेक घरांत हाच चालू असतो. त्याला वास्तूचं कापडही चढवता येतं. आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवायचा, मासा मेला की म्हणायचं, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा श्रद्धा म्हणून गोड वाटलं होतं. आता त्यातली सोय दिसते. अमोनियानं मेलेल्या माशाचा मृत्यू त्यागात जमा झाला, आणि दुसरा काळा मासा आणायला आपण मोकळे.

उरली मोठी टाकी. दोन गोल्डफिशसाठी निदान शंभर-सव्वाशे लिटर तरी हवं असं जाणकार सांगतात, साध्या जातीला त्याहून जास्त, शक्यतो हौद. तीन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच टाकीत सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन सव्वाशे किलो. शोकेस पेलणार नाही, लोखंडी स्टँड करावा लागेल. फिल्टर, लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप. दादा म्हणाला, "पन्नास रुपयांच्या माशासाठी?" त्याचं चूक नाही. गावात दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात हे त्यालाही दिसतं, मलाही. पण त्या खोलीसाठी आम्ही हे पैसे देणार होतो आणि माशानं ते पळवले, असं झालेलं नाही. हे पैसे फोनसाठी ठेवले होते. किंमत माशाची नाहीच. मासा विकत घेताना त्याच्यासोबत जे पाणी घ्यायला हवं होतं, ते बिलात लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

टाकी नागपूरहून जुनी मिळाली. कुणाची तरी बदली झाली होती. सीताबर्डीच्या पुढून टेम्पोनं आणली, एका कोपऱ्याला सिलिकॉन पुन्हा लावून घेतलं. टाकी भरली तरी मासे लगेच त्यात टाकायचे नाहीत. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी रोज थेंब टाकून अमोनिया तपासायचा, आकडा वर जाऊन पुन्हा शून्यावर येईपर्यंत थांबायचं. पुतणीनं वहीत तक्ता आखलाय आणि रंग जुळवून आकडे तीच लिहिते. आज नववा दिवस, अमोनिया अजून चढताच आहे. तोवर मासे बाऊलमध्येच आहेत, आणि पाणी बदलायचे वार आम्ही वाटून घेतलेत. सोमवार आणि शुक्रवार माझा, बुधवार दादाचा. रविवारी वहिनी म्हणाली, मीच करते, तुम्ही लोक खडे नीट धूत नाही.